देठ जपणारे अप्पा

कंपौंडर अप्पा माणसाला मागून ओळखत. चेहऱ्याशी त्यांना फारसं कर्तव्य नव्हतं. बाजारच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या माना बघत असायचे. केस जिथं संपतात आणि मानेचा खळगा जिथं सुरू होतो, त्या दोन बोटांच्या जागेवर त्यांची नजर. एखाद्या बापानं पोराच्या त्या जागेवर चापट मारलेली दिसली, की अप्पा औषधाची बाटली हातात तशीच धरून रस्त्यावर उतरायचे. "पाठीवर मार, ढुंगणावर मार, पर तिथं हात लावू नको! तिथं पोराचा देठ हाय!" बाप गोंधळून पोराकडं बघायचा. आपल्या पोराला देठ आहे हे त्याला त्या दिवशी कळायचं.

तुळजापूरच्या सडकेला लागून, तामलवाडीच्या बाजूला आमचं गाव. सोलापूर फार लांब नव्हतं; पण सोलापूर इंग्रजांचं आणि आम्ही निजामाचे. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची झडती घेऊन जकात वसूल करणारी चौकी. त्या नाक्यावरून मी पत्रकं लपवून आणत असे. पत्रक लिहिणं, छापून आणणं आणि वाटणं, हेच माझं काम होतं. त्यामुळं माणसांचे मी दोनच भाग केले होते: आपला आणि त्यांचा. अप्पा सरकारी दवाखान्यात नोकरीला, उर्दूत लिहिणारे, तेव्हा त्यांचे. मी अप्पांबद्दल बरंच कडू बोललो आहे आणि चारचौघांत बोललो आहे. म्हणून आता जे सांगायचं ते चारचौघांतच सांगितलं पाहिजे.

अप्पा मूळचे जळकोटकडचे लिंगायत. घरी कानडी बोलत, रोग्यांशी मराठी आणि औषधांशी उर्दू. हे मी थट्टेनं म्हणत नाही. ते खरोखर बाटल्यांशी बोलायचे. कंपौंडरीचं शिक्षण हैदराबादेत झालेलं. तिथं तेव्हा शरीरातल्या शिरान्‌शीर उर्दूतून शिकवत. मुडदे चिरून शिकवण्याच्या खोलीत अप्पांना काचेच्या बरण्या पुसायचं काम होतं. त्यातल्या एका बरणीत त्यांनी मेंदूचा देठ पहिल्यांदा पाहिला. "अंगठ्यापरीस थोडा मोठा. बस्स. आन् त्याच्यावर समदा माणूस टांगलेला!" हे सांगताना ते अंगठा वर करून स्वतःच त्याच्याकडं बघत राहायचे. वर्षं लोटली होती, पण नवल ओसरलं नव्हतं.

गावच्या बाबू न्हाव्याशी त्यांचं वैर याच देठावरून झालं. बाबू दाढी संपली, की गिऱ्हाइकाची हनुवटी एका हातात आणि टाळू दुसऱ्या हातात धरून मान कटकन मोडायचा. अप्पांनी हे पाहिलं आणि तोंडावर साबण असतानाच ते उठून उभे राहिले.

"बाबू, त्यो खेळ बंद कर."

"अप्पा, कट् वाजल्याबिगर गिऱ्हाईक उठत न्हाय."

"येक दिवस कट् वाजंल आन् खरंच उठणार न्हाय. मग तू काय करशील? उरलेली दाढी करशील?"

महिनाभर बोलणं बंद. अप्पांची दाढी वाढत गेली, लोक त्यांना स्वामी म्हणून नमस्कार करू लागले. शेवटी बाबूच शरण आला, पण धंद्याची अक्कल सोडली नाही. गिऱ्हाइकाच्या मानेवर तो नुसता हात फिरवायचा आणि कानामागं स्वतःची बोटं मोडायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "व्वा, मोकळं झालं." अप्पा हे बघून इतके हसले, की बाबूला त्यांनी दवाखान्यातून खोकल्याचं औषध फुकट दिलं. बाबूला खोकला नव्हता.

माझी आणि अप्पांची गाठ पडली ती माझ्या मानेमुळं. चावडीपुढं आम्ही सभा घेतली, पोलिसांनी ती मोडली आणि एक लाठी माझ्या मानेच्या त्याच खळग्यात बसली. मी एका घराच्या ओट्यावर कोसळलो. मित्रांनी करायचं ते केलं, म्हणजे मला काखेत धरून उठवलं, गदागदा हलवलं, तोंडात पाणी ओतायला तांब्या आणला. तेवढ्यात अप्पा धावत आले. त्यांनी पहिल्यांदा तांब्या लाथाडला. मग ज्या ओट्यावर मी पडलो होतो त्याच घराचं दार, आत चुलीवर काहीतरी शिजत असताना, बिजागरीतून काढलं. घरवाली ओरडू लागली. "दार संध्याकाळी बसवून देतो," अप्पा म्हणाले, "ह्याची मान मोडली तर ती मला बसवता येत न्हाय." मला त्या दारावर सरळ निजवून दवाखान्यात नेलं आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या.

"दोन दिवस मान हलवायची न्हाय. पुढारी, आता छताला भाषण द्या."

तेव्हापासून त्यांनी मला पुढारीच म्हटलं. शुद्ध नीट आल्यावर मी पहिलं वाक्य बोललो ते माझ्या स्वभावाला शोभेल असंच होतं. "तुम्ही सरकारचे. मला कशाला वाचवता?"

"म्या सरकारचा, कबूल. पर तुमची मान सरकारची हाय व्हय?"

 मी छताकडं बघत पडलो.

मला पडून राहायला लावायचं म्हणून असेल किंवा दोन दिवस न हलणारा श्रोता त्यांना जन्मात पहिल्यांदा मिळाला म्हणून असेल, अप्पांनी मला देठ शिकवला. त्यांच्या बायकोला सगळा गाव अव्वा म्हणायचा. अव्वांनी दुपारी भाजीची टोपली आणली होती, त्यातलं एक वांगं अप्पांनी उलटं धरलं, देठ खाली करून.

"हे वर फुगलेलं, ह्यो मोठा मेंदू. इच्चार, भांडण, भाषण, तुमची पत्रकं, समदं हितलं. ह्याला वाटतंय मीच राजा. आन् ह्यो खाली देठ. ह्याला तीन पेरं हायती, उसासारखी. वरचं पेर डोळ्यांचं." असं म्हणून त्यांनी आरशानं उन्हाचा कवडसा माझ्या डोळ्यावर पाडला. "बाहुली बारीक झाली. तुम्ही केली का? न्हाय. वरच्या पेरानं केली. नजर वर-खाली करायची, पापणी उचलायची, त्येबी हितनंच."

मधल्या पेराला ते पूल म्हणायचे. मागं बसलेला लहान मेंदू माणसाचा तोल सांभाळतो, त्याच्याकडं जाणारा हा पूल. नजर आडवी फिरवणं, चावणं, गालांची हालचाल यांच्या शिराही तिथूनच निघतात. आणि वरच्या मेंदूनं हातापायाला, जिभेला, घशाला दिलेले सगळे हुकूम याच पुलाच्या पुढच्या अंगानं खाली उतरतात. "आणखी खाली गेल्यावर हुकूम बाजू बदलत्यात. डाव्या मेंदूचा हुकूम उजव्या हाताला. का, ते विचारू नका, मला म्हाईत न्हाय आन् ज्यांनी शिकवलं त्यांनाबी न्हवतं."

सगळ्यात खालच्या पेराविषयी बोलताना ते आवाज खाली आणायचे, देवघरात आल्यासारखा. श्वास तिथला. काळजाची चाल तिथली. गिळणं, खोकला, उचकी, ओकारी, सगळ्यांची सूत्रं तिथली. "तुम्ही झोपता, वरचा राजा झोपतो. हे पेर जल्मात येकदाबी झोपत न्हाय. झोपलं की माणूस संपला."

"म्हणजे नाकाच आहे म्हणा की," मी म्हणालो.

अप्पा खूश झाले. "अक्षी करोडगिरी! वरनं हुकूम खाली, खालनं खबर वर, आन् समदी वाहतूक त्या येका अंगठ्याएवढ्या जागेतनं. जाग पेटती ठेवायची वातबी तिथंच कुठंतरी असावी, असं मोठे डॉक्टर म्हणायचे. पर ते अजून पक्कं न्हाय."

पक्कं नाही ते पक्कं नाही म्हणून सांगायची त्यांची ही सवय मला तेव्हा दुबळेपणाची वाटायची. पत्रकात असं लिहून चालत नाही.

देठाच्या खाली पाठीच्या कण्यातून जो दोर उतरतो त्याचं नाव अप्पांनी सांगितलं: हराम मग्ज. मी पडल्यापडल्या पेटलो. आमच्या पाठीच्या कण्याला हराम म्हणायची ही भाषा!

"शिवी न्हवं ती, पुढारी. मग्ज म्हंजे मगज, आन् जे खायचं न्हाय ते हराम. कसाई त्यो दोर काढून टाकतो, म्हणून ते नाव. आमच्या लिंगायताच्या घरात बघायला गेलं तर समदंच मग्ज हराम."

मी त्यांना बजावलं, की निजामी जाईपर्यंत उर्दूचा एक शब्दही उच्चारणार नाही अशी माझी शपथ आहे आणि ती पत्रकात छापलेली आहे. अप्पांनी शांतपणे विचारलं, "पत्रक कशावर छापता? कागदावर. कशानं? शाईनं. हे दोन शब्द कुठनं आले, ठावं हाय? बरं, त्ये राहू द्या. 'जुलूम' तेवढा काढा तुमच्या पत्रकातनं. उरतंय काय बघू!"

मग मी देठाला मराठी नाव दिलं. मस्तिष्कस्तंभ. मला ते फार भारदस्त वाटलं. अप्पा म्हणाले, "स्तंभ? कुठं गाडायचा? देठ म्हणा. बाईमाणसाला कळंल."

अंथरुणावरून उठलो त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. एक पत्रक छापून हवं होतं, मराठीत, अर्ध्या पानाचं. बेशुद्ध माणसाला हलवू नका, मान सरळ ठेवा आणि त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, कारण गिळायचा हुकूम बंद असतो आणि पाणी छातीत जातं. "दर साली दोन-तीन माणसं पाण्यानं मरत्यात, पुढारी. मायेनं पाजलेल्या पाण्यानं. माझं उर्दू कोण वाचतंय हितं?"

मी म्हणालो, "अप्पा, आधी स्वातंत्र्य. मग घसा."

हे वाक्य मला तेव्हा फार जमलेलं वाटलं होतं. इथं ते मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितो आहे.

पुढं माझ्या नावाचं वॉरंट निघालं आणि मी सोलापुरात जाऊन राहिलो. निजामी संपायच्या आदल्या हिवाळ्यात निरोप आला, की कंपौंडर अप्पा औषध ढवळता ढवळता पडले, चार दिवस झाले, तोंड नाही, हात नाही, पाय नाही. तालुक्याचे डॉक्टर बघून गेले, लकवा म्हणाले, शुद्ध नाही म्हणाले, आशा ठेवू नका म्हणाले. वॉरंट डोक्यावर होतं, तरी मी सकाळीच निघालो. नाक्यावर शिपायानं नाव न विचारताच झडती घेतली. त्या दिवशी माझ्या अंगावर एकही पत्रक नव्हतं. त्यालाही ते चमत्कारिक वाटलं असावं, कारण त्यानं दोनदा चाचपलं.

अप्पांच्या घरी ओसरीवर माणसं बसली होती. अप्पा खोलीत बाजेवर उताणे, डोळे सताड उघडे. आणि त्या उघड्या डोळ्यांपुढं, दोन हातांवर, त्यांचे थोरले भाऊ बसाप्पा काका समाधीचा खड्डा कुठल्या शेतात घ्यायचा ते बोलत होते. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. अप्पा उंच असल्यानं खड्डा खोल लागेल, अशी चर्चा चालली होती. कुणी म्हणत होतं, दवाखान्याच्या जागेवर आता कोण येईल.

"काका, हळू बोला," मी म्हणालो.

"कुणासाठी?" बसाप्पा काका म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "डोळं उघडं हायती, पर आत कोण न्हाय, बाबा. डॉक्टर बघून गेले."

मी अप्पांच्या तोंडावर वाकलो. चेहरा मेणासारखा. श्वास चालू होता, पण छातीत घरघर होती. उशाशी वाटी आणि चमचा. नजर आडवी हलत नव्हती. आणि मग ती हळूच वर गेली. आणि खाली आली. माझ्या डोक्यात वांगं उलटं झालं. खालचं पेर चालू आहे, श्वास आहे. वरचं पेर चालू आहे, नजर वर-खाली होते. मधला पूल तुटला आहे, म्हणून हुकूम अडकले. पण पुलावरून उतरणारे हुकूम अडकले म्हणजे वरचा मेंदू विझला असं कुणी सांगितलं?

"अप्पा, मी आलोय. पुढारी. ऐकू येत असेल तर वर बघा."

नजर वर गेली.

"ऐकू येत नसेल तर खाली बघा," मी मूर्खासारखा म्हणालो.

नजर वरच राहिली. मला शपथेवर सांगता येईल की अप्पा हसत होते.

ओसरीवरची माणसं दारात गोळा झाली. बसाप्पा काका म्हणाले, "डोळं फिरतच असत्यात त्यांचं. चार दिवस बघतोय आमी." मी चिडलो, आवाज चढवला, वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, हवं ते विचारा म्हणालो. तेव्हा आतापर्यंत भिंतीला टेकून बसलेल्या अव्वा उठल्या. बाजेजवळ आल्या, पदर सावरला आणि विचारलं, "म्या जेवले का?"

अप्पांची नजर खाली गेली.

घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, सुनांबरोबर त्या दोन घास खातात. चार दिवस अव्वांनी अन्नाला हात लावला नव्हता, आणि ते फक्त एका माणसानं पाहिलं होतं. आपल्या खड्ड्याचं माप ऐकत पडलेल्या त्या माणसानं.

"आत हायती," अव्वा म्हणाल्या. एवढंच. मग खाली बसून त्यांनी अप्पांचे पाय धरले.

एवढ्यात घराचे गुरू जंगमस्वामी आले. त्यांना निरोप सकाळीच गेला होता. लिंगायत घरात मरायला टेकलेल्या माणसाच्या मुखात जंगमाच्या पायाचं तीर्थ घालतात, पादोदक म्हणतात त्याला. स्वामी वयोवृद्ध, फार सात्त्विक माणूस. तीर्थाची वाटी घेऊन ते पुढं झाले आणि मी आडवा आलो.

"तोंडात ओतायचं नाही. गिळायचा हुकूम बंद आहे. सरळ छातीत जाईल. पाजाल तर माराल!"

"तीर्थानं कुणी मरत न्हाय, बाळ."

"पाण्यानं मरतं, स्वामी! तीर्थाला घशातला रस्ता कुणी वेगळा केलेला नाही!"

बसाप्पा काका माझ्या अंगावर धावले. "आमच्या घरात येऊन आमच्या धर्माच्या आड येतोस? तीर्थाबिगर धाडू व्हय माझ्या भावाला?" मी ओरडलो, काका ओरडले, स्वामी वाटी धरून उभे. या आरडाओरडीत अव्वांनी सांगितलं, "थांबा. ते पापण्या मारत्यात."

अप्पा भराभरा पापण्या मिटत होते, उघडत होते. त्यांना बोलायचं होतं.

मी बाजेवर बसलो. "अक्षरं म्हणतो. तुमचं अक्षर आलं की वर बघा." आणि सुरू केलं, क, ख, ग, घ. ज्ञ आला, नजर हलली नाही. पुन्हा म्हटलं. अप्पांनी डोळे मिटून घेतले. बसाप्पा काकांनी सुस्कारा सोडला. 

"तम्मा," अव्वा म्हणाल्या. धाकट्या भावाला म्हणतात तसं त्या मला म्हणत. "त्यांनी मराठी कधी लिवलंय? निस्ती बोलत्यात. लिवायचं समदं अलिफ-बे."

मला ते सुचायला हवं होतं. मीही निजामाच्या उर्दू शाळेतच शिकलेला. पण शपथ घेतल्यापासून मी तो सगळा खण बंद करून टाकला होता. मी घसा खाकरला आणि त्या भरल्या घरात, निजामी पुरती शाबूत असताना, लहानपणच्या चालीत म्हणायला लागलो. अलिफ, बे, पे, ते.

अप्पांचे डोळे उघडले.

'रे' वर नजर वर गेली. पुन्हा अलिफपासून सुरुवात. 'वाव' वर नजर गेली. रे आणि वाव. मला वाटलं, कळलं. "रो! रो म्हणजे रड! अप्पा म्हणतायत, रडा, मोकळे व्हा!"

बसाप्पा काकांसारखा दगडी माणूस, पण त्यांनी जो हंबरडा फोडला तो सडकेपर्यंत गेला असेल. ओसरीवरच्या बायकांनी गळा काढला. माझेही डोळे वाहायला लागले. आणि अप्पा पापण्या मारतायत, मारतायत, कुणाचं लक्ष नाही.

"गप्प बसा समदे!" अव्वा कडाडल्या. "त्यांचं संपलं न्हाय अजून."

मी नाक पुसून पुन्हा सुरू केलं. या खेपेला नजर शेवटच्या अक्षरावर वर गेली. ये.

रे, वाव, ये. रुई. कापूस.

 कापूस बोटाला गुंडाळा, तीर्थात भिजवा, ओठाला लावा. घशाला त्रास नको आणि धर्माला बाध नको. आमच्या भांडणावर अप्पांनी एका शब्दाची चिठ्ठी लिहून दिली होती, कंपौंडरनं लिहावी तशी. स्वामी म्हणाले, "पूजेत चालतो कापूस. मुखी का न चालावा?" आणि त्यांनी स्वतः कापसाचा बोळा भिजवून अप्पांचे ओठ ओले केले. मग अव्वांनी केले. मग बसाप्पा काकांनी मला हातानं पुढं ढकललं.

त्यानंतर अप्पा आणखी पाच दिवस होते. त्या घरात त्यांच्यापुढं मरणाचं कुणी बोललं नाही. लोक आत यायचे, आपलं नाव सांगायचे, बाबू न्हाव्यानं दाढी केली आणि मानेला हात लावला नाही हे मोठ्यानं जाहीर केलं. मी अक्षरं म्हणायचो. अप्पा फार बोलले नाहीत. एकेका शब्दाला कष्ट पडत. दुसऱ्या दिवशी अव्वांकडं नजर लावून त्यांनी तीनच अक्षरं दिली, काफ, हे, अलिफ. 'खा'. अव्वांनी समोर बसून अर्धी भाकरी खाल्ली आणि अप्पा ती संपेपर्यंत बघत राहिले. मी एकदा विचारलं, "अप्पा, लोकांना काही संदेश?" नजर ताबडतोब खाली गेली. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा खाली.

छातीची घरघर वाढत गेली. पहिल्या चार दिवसांत घरच्यांनी चमच्याचमच्यानं जे पाणी पाजलं होतं ते तिथं होतं. मायेनं पाजलं होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला सांगायचं होतं त्याला लोकांना वाचता येईल अशी लिपी येत नव्हती, आणि ज्याला ती लिपी येत होती, छापखाना ज्याच्या हाताशी होता, त्यानं घशाला नंतरचा नंबर दिला होता. राज्य जुलमी होतंच, त्यातला एक शब्द मी मागं घेत नाही. पण अप्पांच्या छातीतलं पाणी निजामानं ओतलेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी श्वासाची चाल बदलली. खोल, मग उथळ, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. मी समजलो, शेवटचं पेर थकलं. अव्वांना मी सांगितलं नाही, पण त्या उशाशी जाऊन बसल्या आणि कानडीत त्यांच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या. मधली थांबलेली जागा लांबत गेली. एकदा श्वास परत आलाच नाही. अव्वा तरी बोलत होत्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.

शेवटच्या यात्रेला अप्पांना बसवलं तेव्हा मान पडू नये म्हणून मागून कुणीतरी हात द्यावा लागत होता. बसाप्पा काकांनी मला बोलावलं. मी लिंगायत नाही, कुणी ते काढलं नाही.

ते अर्ध्या पानाचं पत्रक मी त्याच महिन्यात छापलं. आजवर लिहिलेल्यांपैकी कुणाविरुद्ध नसलेलं हे एकच. त्यात 'देठ' असाच शब्द आहे.

आता निजामी गेली. परवा जवळच्या एका गावी गेलो होतो, सारावाढीविरुद्ध सभा होती. एका घरी म्हातारे गृहस्थ तीन दिवस निपचित पडलेले. मला कुणीतरी आत नेलं. मी वाकून त्यांना माझं नाव सांगितलं, वर बघायला सांगितलं, पापणी मिटायला सांगितलं. मराठीत, मग अलिफपासून. काही नाही. बाहुलीवर उजेड पाडला, ती जेमतेम हलली. सुनेनं दारातून विचारलं, "ऐकत्यात का हो ते?"

बाहेर सभेची माणसं खोळंबली होती. "मला माहीत नाही," मी म्हणालो. पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये हे वाक्य मी आजवर कुठंच लिहिलेलं नाही. "माहीत नाही, वहिनी. म्हणून तुम्ही बोलत राहा."

त्या जवळ आल्या, सासऱ्यांच्या कानाशी टेकल्या आणि सांगू लागल्या, की मामंजी, म्हैस व्याली, रेडी झाली.